रकाना क्रमांक सात

पळसमाळ, तालुका माण.
स्मारकाला निधी आलाय, अर्ज भरायचा होता.
मी ग्रामसेवक, बदलीवर आलेला,
गावात कुणाचा भाऊ नाही की भावकी नाही,
इतकीच माझी पात्रता.

माळावर दोन वीरगळ आहेत.
तोंडं समोरासमोर, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट.
दोन्हींच्या माथ्यावर टाकीनं कोरलेला
तोच चंद्र, तोच सूर्य.
खालच्या चौकटीत ढाल, भाला, गुडघ्यावर आलेला घोडा.
मधल्या चौकटीत अप्सरा त्याला काखेत धरून वर नेताना.
सगळ्यात वर पिंडी, आणि मेलेला माणूस
हात जोडून बसलेला,
जणू नुकताच जेवून उठलाय.

गादी एक होती, छत्र्या दोन.
वरच्या आळीनं एक धरली, खालच्या आळीनं दुसरी.
वरचे सजगणे, खालचे सजगणे,
एकाच पाणवठ्यावर घोडी पाजून निघाले
आणि या कुसळांत एकमेकांना भेटले.
बाजरी निसवली होती म्हणे.
पुढं गादीवर कोण बसलं
ते दोन्ही आळ्यांत नीट कुणाला सांगता येत नाही.

भांडण मात्र शाबूत आहे.
यमाजी सजगणे सांगतात, उजवा दगड आमचा.
हैबती सजगणे सांगतात, उजवा आमचाच,
बघणारा कुठं उभा राहतो त्यावर आहे.
बेंदराला वेशीतून आधी कुणाची बैलं,
यावरून एकदा फौजदार मुक्कामाला राहिला होता.

अर्जात रकाना क्रमांक सात:
'सदर वीर कोणाविरुद्ध लढताना पडला?'
मी लिहिलं, सजगणे.
दुसऱ्या अर्जातही लिहिलं, सजगणे.
महिन्यानं दहिवडीहून कागद परत,
लाल शाईत:
नाव नजरचुकीने दोनदा आले आहे.
दुरुस्त करून पाठवणे.

त्याच आठवड्यात पवनचक्कीच्या रस्त्याला जेसीबी लागला
आणि दोन हात मातीखाली खट्ट वाजलं.
दगड पालथा होता. उताणा केला.
माणूस नाही, घोडा नाही.
कोपरापासून वर आलेले दोन हात,
बांगड्यांसकट.
सतीचे दगड मी पाहिलेत,
हात एकच असतो.

जेसीबीवाला इंजिन बंद करून खाली उतरला.
यमाजी आले. हैबती आले.
दोघंही आपापल्या बाजूनं बांगड्या मोजू लागले.
इकडं नऊ.
तिकडंही नऊ.

हरणाबाई शेणी थापता थापता तशीच आलेली,
कोपरापर्यंत शेणाचे हात.
"भैनी असतील," म्हणाली,
"एका मांडवातनं दोन आळ्यांत दिल्याल्या.
आमच्यात अजून देत्यात. खर्च वाचतो."

वर पंखे फिरत होते.
एकेका पात्याची सावली दगडावरून जायची,
पुन्हा यायची.

मी विचारलं, नावं काय लिहू?
"बाईचं नाव लगनात बदलत्यात.
कंचं लिवनार?"
मग हात लुगड्याला पुसून
तिनं पदराचं टोक ओलं केलं
आणि बांगड्यांच्या खाचांतली माती काढू लागली,
तान्ह्याच्या गळ्याच्या वळीतलं
सांडलेलं दूध टिपतात तशी.

दगड कुठं उभा करायचा, यावर सांज झाली.
आमच्या आळीत. का, आमच्या आळीत का नाही.
मी टेप काढून दोन वीरगळांमधलं अंतर मोजलं:
सात फूट चार इंच.
म्हटलं, मधोमध बसेल,
पण गाडीवाट बंद होईल.

हैबती म्हणाले, गाडी लांबून नेऊ.

यमाजी काहीच बोलले नाहीत.
एका पायावर उभं राहून
धोतरात अडकलेली कुसळं
एक एक करून काढत राहिले.